हिंदुराव अण्णांची पदकं

"थांबा! कुणी हलायचं न्हाई!" हिंदुराव अण्णा ओरडले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच धावत सुटले.

ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात, गोठ्याच्या मागच्या भिंतीपाशी, आमच्या ह्यांचं मशीन चिरकत होतं. हे गुडघ्यावर बसले, खुरप्याने माती उकरली आणि तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा वर काढला. अण्णांनी तो त्यांच्या हातातून हिसकावलाच. मग त्यावर थुंकले. खरंच थुंकले, तंबाखूने भरलेल्या तोंडाने, आणि ती पिवळी थुंकी धोतराच्या सोग्याने चोळून तुकडा उन्हात धरला.

"चिलखत!" ते म्हणाले. "आमच्या पणज्याच्या चिलखताचा तुकडा हाय ह्यो."

"बिजागरी हाय अण्णा," हे म्हणाले. "दाराची. ही भोकं बघा, खिळं मारायची."

"फौजी, तुमास्नी मशीन कळतंय, इतिहास कळत न्हाई."

मी तोंड फिरवलं. मला किळस लवकर येते, हा माझा जन्माचा दोष आहे, आणि त्या दिवशी सकाळपासून ती येतच होती. पायरीवर पचापच पिंका, पाण्याच्या माठावर माश्या, आणि ज्या हाताने अण्णांनी नाक शिंकरलं त्याच हाताने त्यांनी मला साखर दिली होती. ती मी गुपचूप पदराच्या टोकाला बांधली. पण मी गप्प होते, कारण प्रश्न जयमालाचा होता.

जयमाला माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती परकर सावरायच्या वयाची होती. तिथून पुढे वाढली ती माझ्याच चुलीपाशी. सावळी, जरा उंच, बोलायला फटकळ. तिच्यामागे आणखी बहिणी, त्यामुळे तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, तिला उजवायची घाई करून बसले होते. तेवढ्यात हे स्थळ आलं. खरजेवाडीचे हिंदुराव अण्णा. पाण्याखालचं रान, ट्रॅक्टर, गावात शब्दाला वजन. मुलगा संग्राम बिजवर. पहिली बायको काविळीने गेली, मूलबाळ नाही. मीही बिजवरालाच दिलेली. माझ्या संसाराचं सोनं झालं, त्यामुळे बिजवर म्हणून नाक मुरडायचं मला काही कारण नव्हतं. ठरलं असं की आम्ही घर बघायला जायचं, दुपारी जेवायचं आणि मनाला आलं तर तिथल्या तिथे सुपारी फोडायची. एकदा सुपारी फुटली की मग मागे सरता येत नाही. निदान आमच्या जातीत तरी नाही.

आणि मशीन? हे फौजेत सुरुंग शोधायच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर एक मशीन घेऊन आले. एका दांड्याला गोल चकती, कानाला लावायचे भोंगे. पंचक्रोशीत कुणाच्या रानात मंगळसूत्र पडलं, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह मातीत हरवला, की बोलवा फौजीला. मुलीचा मावसा म्हणजे हाच मशीनवाला फौजी, हे कळल्यावर अण्णांनी निरोप धाडला होता की येताना मशीन घेऊन या. त्यांनी घरापुढे नवी कमान बांधायला काढली होती आणि दिवाणखान्यात काचेचं कपाट करून घेतलं होतं. कपाट रिकामं होतं. पूर्वजांच्या पराक्रमाची काहीतरी खूण त्यात ठेवायची होती. पूर्वजांनी ती कुठेतरी पुरून ठेवलीच असणार, याबद्दल अण्णांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्या सकाळी रानातून काय काय निघालं म्हणून सांगू! बैलाच्या पत्र्या, खताच्या पोत्याची तार, कुळवाची मोडकी पास, सोडावॉटरची बुचं. प्रत्येक वस्तूवर अण्णा थुंकायचे, पुसायचे आणि नाव ठेवायचे. बैलाची पत्री निघाली तर म्हणाले, घोड्याची नाल. ह्यांनी सांगितलं, घोड्याची नाल अखंड असते, बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून त्याला दोन पत्र्या लागतात. अण्णा म्हणाले, "आमच्या घोड्यांचं येगळं हुतं." दाजी मान डोलावून "असंल, असंल" म्हणाले. होणाऱ्या व्याह्याने कावळा पांढरा आहे असं सांगितलं असतं, तरी दाजींना तो पांढराच दिसला असता.

संग्राम बांधावर मोटारसायकलला टेकून उभा होता. डोळ्यांवर काळा चष्मा. गोठ्यातल्या कुत्रीने जवळ येऊन शेपूट हलवली तेव्हा त्याने उभ्या जागेवरून तिच्या पोटात लाथ घातली. राग नाही, काही नाही, माशी हाकलावी तशी. कुत्री ओरडलीसुद्धा नाही. ते मला जास्त खुपलं.

मग भिंतीच्या अगदी कोपऱ्यात मशीन पुन्हा चिरकलं. या वेळी आवाज वेगळा होता, साफ. हे म्हणाले, "हे लोखंड न्हवं." वीतभर खाली पितळेचा डबा लागला, कुंकवाच्या करंड्यासारखा, झाकणाचा. आत कपड्याच्या चिंधीत गुंडाळलेली तीन चपटी पदकं. दोरा कुजलेला. काळी पडलेली चांदी. प्रत्येकावर उभं माणूस ठोकून उठवलेलं आणि वर ओवायला कडी.

अण्णांनी डबा कपाळाला लावला. दाजींनी हात जोडले.

"पदकं," अण्णा म्हणाले. "लढाईतली पदकं. तीन पिढ्यांची!"

"अण्णा, येक सांगू?" हे म्हणाले. "माती भुसभुशीत लागली. जुनं पुरलेलं असलं की माती घट्ट बसती. आमी ह्यावरच जीव वाचवत हुतो. हे अलीकडं पुरलंय कुणीतरी."

"तुमी गप बसा, फौजी."

आमच्या मागे अण्णांच्या पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. सगळे त्यांना वैनी म्हणत. सकाळपासून त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. पुढे ओढलेला पदर, खाली नजर. त्या एकदम म्हणाल्या, "आता पुरं करा की. जेवान गार व्हायलंय."

मला नवल वाटलं. मी आत्ताच चुलीपाशी जाऊन आले होते. मटण अजून रटरटतही नव्हतं.

*

दिवाणखान्यात एक गंजकी तलवार टांगलेली होती, ती बाजारातून आणली होती हे तिच्या मुठीवरच्या नव्या पितळेवरून कुणीही ओळखलं असतं. शेजारी हरणाचं डोकं, त्याच्या एका डोळ्याला कसर लागलेली. खाली अण्णांची पिकदाणी, काठोकाठ. अण्णांनी चिंच आणि राख मागवली आणि स्वतः बसून पदकं घासली. काळं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ते त्यांनी मांडीला पुसलं. मग नवा दोरा घेऊन तिन्ही ओवली आणि जाकिटावर, स्वतःच्या गळ्यात घातली.

"ह्यो पणजा," पहिल्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "हातात ढाल बघा. ह्यो आजा. आन ह्यो तिसरा आमचा चुलत आजा, तलवार खांद्यावर टाकलीय."

"काय रुबाब!" दाजी म्हणाले.

संग्रामने चष्मा काढला. तिसऱ्या पदकाकडे बघितलं. परत चष्मा घातला आणि "डिझेल बघून येतो" म्हणत बाहेर गेला. दुपारच्या बाराच्या उन्हात डिझेल!

मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने जवळ गेले आणि नीट बघितलं.

ती पदकं नव्हती. ते टाक होते. सवतीचे टाक.

तरुण मुलींना आता हे सांगावं लागतं. आमच्याकडे बिजवराशी लग्न झालं, की नव्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती उठवलेली, म्हणजे तीच ती, गेलेली. रोज न्हाणं झालं की आधी तिला हळदकुंकू लावायचं, मग आपण लावायचं. सणाला पहिला घास तिचा. ती रागावू नये, नव्या संसारात तिने पाय घालू नये, म्हणून. तो टाक मिरवायचा नसतो. पोलक्याच्या आत, उरापाशी ठेवायचा असतो. माझ्याही गळ्यात आहे. ह्यांची पहिली अनुसया, तिचा. मी तिला थोरली म्हणते. भांडणं झाली की ह्यांची तक्रार तिलाच सांगते.

अण्णा ज्याला ढाल म्हणत होते तो कुंकवाचा करंडा होता. खांद्यावरची तलवार म्हणजे पदराचा काठ. दोन टाक गुळगुळीत झिजले होते, नाकडोळे ओळखू येऊ नयेत इतके. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी अंगावर घासल्याशिवाय चांदी अशी झिजत नाही. तिसरा मात्र तसा नव्हता. त्याच्या निऱ्या अजून टोकदार होत्या आणि त्या निऱ्यांच्या खाचांत, अण्णांनी एवढं घासूनसुद्धा, हळद शिल्लक होती. पिवळीधमक.

टाक असतो मेलेल्या बाईचा, पण तो घडवतात तिच्यामागून दुसरी आली तरच. त्याला हळद लागते ती दुसरीच्या हातची. मग हा तिसरा नवा टाक कुणाच्या गळ्यात होता? आम्हाला तर सांगितलं होतं, संग्रामची एकच बायको गेली.

*

आधी पुरुषांची पंगत बसली. मी पाहुणी, तरी भाकरी वाढायला उठले, मला बसवतच नव्हतं. अण्णा जेवत होते ते बघवत नव्हतं. नळी तोंडाला लावून ते जोरात ओढत, रस्सा मिशांवरून गळ्यातल्या टाकांवर ठिबकत होता. हाडं ताटाबाहेर, माश्या हाडांवर. दाजी हसून हसून "घ्या की अण्णा, आणखी एक नळी" म्हणत होते.

आणि मग मटणाचा धागा अडकला अण्णांच्या दाढेत. त्यांनी जिभेने खूप प्रयत्न केला, बोट घातलं, पण निघेना. तेव्हा त्यांनी गळ्यातला एक टाक उचलला, गुळगुळीत झिजलेल्यांपैकी एक, आणि त्याची निमुळती कड दाढेत घालून कोरायला लागले. धागा निघाला. त्यांनी तो बघितला, परत तोंडात टाकला आणि टाक तसाच, थुंकीने ओला, छातीवर सोडून दिला.

मी भाकरीची टोपली तिथेच ठेवली आणि स्वयंपाकघरात आले.

वैनी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी दार लोटलं.

"वैनी, तो डबा तुमी पुरला हुतासा?"

त्यांचा हात थांबला नाही. भाकरी गरगर फिरतच राहिली. मी पोलक्यातून माझा टाक बाहेर काढला आणि त्यांच्यापुढे धरला. तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. हाताचं पीठ लुगड्याला पुसलं, टाकाला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली.

"नाव काय हिचं?"

"अनुसया."

"कशानं गेली?"

"पान लागलं." साप चावला असं आम्ही म्हणत नाही.

"बरं मरण आलं," वैनी म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले. बाहेर अण्णांच्या ढेकरेचा आवाज आला.

"त्यातल्या दोगी माझ्या," त्या हळूच म्हणाल्या. "वत्सला आन हिरा. ह्यांच्या आधीच्या. मी तिसरी. लगीन झाल्यापास्नं माझ्या गळ्यात हुत्या."

"म्हंजे अण्णांच्याच बायका?"

"व्हय."

"आन त्यास्नी वळखू आल्या न्हाईत?"

वैनी पहिल्यांदा हसल्या. ते हसणं मला अजून नको वाटतं. "दोन वर्सं झाली माझा गळा मोकळा हाय, बाई. त्यो बी अजून त्यास्नी दिसला न्हाई."

"आन तिसरी?"

"कल्पना. संग्रामची."

"ती कुणाच्या गळ्यात हुती वैनी?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. त्यांनी ती काढली नाही. मी काढली.

"महादेवीच्या," त्या म्हणाल्या. "कानडी मुलखातली पोर. आई न्हाई, बा न्हाई. चुलत्यानं आणून सोडली. देवळात माळ घातली, गावजेवान न्हाई, वाजाप न्हाई. मराठी येत नव्हतं तिला नीट. मला अव्वा म्हनायची, म्हंजे आई. कल्पनाला रोज हळद लावायची. दुसऱ्या उन्हाळ्यात गेली."

"कशानं?"

"काविळीनं."

"आन कल्पना?"

"काविळीनं."

"वत्सला, हिरा?"

"ह्या घरात बायका काविळीनंच जात्यात," वैनी म्हणाल्या. मग चुलीत लाकूड सारलं. "पोरगं बापावर गेलंय. हात बी बापाचाच आलाय."

माझ्या तोंडातून नको तेच गेलं. "मग तुमी कशा वाचलासा?"

"पडले की मी उठत न्हाई. पडूनच ऱ्हाते. उठलं की दुसरा बसतो. त्या पोरींस्नी ते कळलं न्हाई. त्या उठायच्या."

जयमाला माझ्या डोळ्यापुढे आली. ती तर उठलीच असती. उठून दोन शब्दही सुनावले असते.

"महादेवी गेली त्या दिशी तिच्या गळ्यातनं कल्पनाला काढली," वैनी सांगत होत्या. "मग माझ्या दोगी बी काढल्या. तिगींस्नी येका डब्यात घातलं. नदीला सोडायचा रिवाज हाय, पर मला घराभाईर कोन सोडतंय? गोठ्यामागं पुरल्या. म्हनलं, ऱ्हावा तितं निवांत. तर तुमचा मालक आला मशीन घिऊन."

बाहेरून अण्णांची हाक आली, "अगं, सुपारीचं ताट आण!"

ताट तयारच होतं. हळद, कुंकू, नारळ, सुपारी, ती फोडायला वरवंटा. वैनींनी ते उचललं. मी त्यांच्या हातातून घेतलं.

*

चौघे पुरुष बसले होते. संग्रामही परत आला होता. अण्णांनी हात धुतले नव्हते, नुसते चाटले होते.

मी ताट ठेवलं नाही. हातात धरून उभी राहिले. "अण्णा, येक इचारू? पदकाला हळद कोन लावतं?"

"काय?"

"तिसऱ्याच्या निऱ्यांत हळद हाय बघा. आन लढाईला निऱ्या कोन घालून जातं?"

दाजी दचकले. "अगं, पुरुषांच्या बैठकीत काय बोलतीस तू?"

मी पोलक्यातून माझा टाक काढला आणि सगळ्यांच्या देखत, पदराच्या वर, बाहेर सोडला. तो अन् अण्णांच्या छातीवरचे तीन. एकाच घाटाचे. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"पणजा न्हवं ह्यो," मी म्हणाले. "ही वत्सला. ही हिरा. तुमच्याच दोन बायका, अण्णा. मघा जिनं दात कोरलेत, ती ह्या दोगीतली एक. आन ही तिसरी कल्पना, तुमची सून. आता मला येवढंच सांगा, कल्पनाचा टाक कुणाच्या गळ्यात हुता?"

हे संग्रामकडे बघत होते. सुरुंगाकडे बघत असतील तसे.

"महादेवी कोन?" मी विचारलं.

संग्रामने बापाकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "ती काय बायकू हुती व्हय? तशीच आणलेली."

"तशीच आणलेलीच्या गळ्यात सवतीचा टाक कोन घालतं?"

आता दाजी काहीतरी बोलतील असं मला वाटलं. आपली पोरगी, आईविना वाढलेली. दाजींनी घसा खाकरला. "आता झालं ते झालं," ते म्हणाले. "कावीळ काय, राजाच्या घरात बी हुती. नशिबाचा भाग असतो. त्यापायी चांगलं घर कशाला सोडायचं?"

अण्णांच्या खरकट्या ताटाची, पिकदाणीची, थुंकीची सकाळपासून जी किळस येत होती ती काहीच नव्हती. खरी किळस मला तेव्हा आली, आणि ती आमच्याच माणसाची. हा बहिणीचा नवरा. ह्याला मी सणावाराला मानाने पाट मांडायचे.

तेवढ्यात अण्णांना गळ्यातली गोष्ट उमगली. उशिरा, पण उमगली. त्यांनी दोरा डोक्यावरून ओरबाडून काढला आणि ताटातल्या हाडांवर फेकला. "थू! मेलेल्या बायांची घाण माझ्या गळ्यात!" ते जमिनीवर थुंकले, परत थुंकले. "पाणी आणा! चूळ भरायला पाणी आणा! विटाळ केला समदा!"

खरं सांगते, आयुष्यात मी पुष्कळ घाण बघितली, अंगणवाडीत कामाला होते तेव्हा पोरांची काढली, बाळंतपणं केली. पण तसला माणूस बघितला नाही. बायका त्याच्या हातून गेल्या आणि विटाळ झाला तो त्याला.

वैनी पाणी घेऊन आल्या. तांब्या त्यांनी अण्णांपुढे ठेवला नाही. त्या खाली वाकल्या, हाडांमधून तिन्ही टाक वेचले, त्याच तांब्यातल्या पाण्याने ते धुतले, सावकाश, पाठपोट. पुसून गळ्यात घातले. पोलक्याच्या आत नाही. वर.

"आत जा," अण्णा म्हणाले.

वैनी गेल्या नाहीत. दाजींकडे वळल्या. सकाळपासून खाली असलेली नजर आता सरळ होती.

"पावनं, सुपारी फोडा," त्या म्हणाल्या. "पर आदी सोनाराकडं जावा. तुमच्या लेकीला दोन टाक लागत्याल. येक कल्पनाचा, येक महादेवीचा. कल्पनाचा हाय माझ्यापाशी. महादेवीचा करून घ्या. आन सोनाराला सांगून ठेवा, साचा मोडू नगंस. तुमच्या लेकीचा बी करायचा यील."

संग्राम उठला. हात वर गेला होता त्याचा. मी बघितलं. आणि हेही उठले. दोघं समोरासमोर उभे राहिले. ह्यांनी काही केलं नाही, नुसतं म्हणाले, "आमी दारात असंपतुर तरी हात खाली घे." त्याने तो खाली घेतला.

दाजी उठायला लागले. उठताना त्यांचा पाय घसरला, हाडांवर पडला. शेवटी ते उठले आणि कुणाकडेही न बघता चपला शोधायला गेले. सुपारी ताटातच राहिली.

मी दारात थांबले. "वैनी, तुमी बी चला आमच्यासंगं. घर लहान हाय, पर हाय."

त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "मी आले तर पावण्यांस्नी पाणी कोन दील?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मन बधीर झालंय बिचारीचं, काहीतरीच बोलतेय. ह्यांनी मशीन खांद्याला लावलं आणि आम्ही एसटीच्या थांब्याकडे चालायला लागलो. दाजी पुढे चालत होते, माझ्याशी बोलत नव्हते. पुढे कैक वर्षं बोलले नाहीत. जयमालाने पुढच्या साली शिवणकाम शिकलेल्या एका मुलाशी लग्न केलं, तेव्हाही अक्षता टाकायला आले आणि न जेवता गेले. मलाही त्यांना वाढायची हौस नव्हती.

खरजेवाडीची एक बाई मला खूप दिवसांनी जत्रेत भेटली. मी वैनींची चौकशी केली. आहेत, म्हणाली. अण्णा अंथरुणाला खिळलेत, पण वैनी खुटखुटीत आहेत. आणि संग्रामचं? संग्रामला परत कुठे पोरगी मिळाली नाही, म्हणाली. लांबलांबून पाहुणे येतात. जमीन बघतात, ट्रॅक्टर बघतात, खूश होऊन दिवाणखान्यात बसतात. मग वैनी पाण्याचा तांब्या घेऊन येतात, प्रत्येकापुढे वाकतात आणि वाकताना पदर थोडा बाजूला सारतात. गळ्यात चार टाक असतात. सासूने सुनांचे टाक घालायचा रिवाज नाही, आणि चौथा त्यांनी कुठून घडवून आणला, तेही कुणाला ठाऊक नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," ती म्हणाली. "पाहुण्यांतली बाई चारी टाक बघते आणि नवऱ्याला उठवते. पाणी तेवढं पितात, आणि जातात."